साधा आणि फुलाचा

"ताई, चक्कर आली का?"

हसनाबादच्या शिवारात, भर दुपारी बारा वाजता, विहिरीपाशी एक मुलगी डोक्यावरून ओढणी ओढून लोखंडी स्टँडवर वाकलेली दिसली तर कुणीही हेच विचारलं असतं. प्रियदर्शनीनं ते ऐकलं, पण उत्तर द्यायला तिला सवड नव्हती. उन्हात मीटरवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून तिनं ओढणीचा तंबू केला होता आणि त्या तंबूत ती आकडा स्थिर व्हायची वाट बघत होती. पाचशे तीन... पाचशे दोन... पाचशे दोन... आणि एकदम एकेचाळीस.

तिनं ओढणी मागं टाकली. समोर एक उंच तरुण उभा होता. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि बाटलीचं झाकण उघडलेलं. बहुधा पाणी तिच्या तोंडावर मारायच्या तयारीत होता.

"सरका," ती म्हणाली. "तुमची सावली पडलीय."

"कशावर?"

"माझ्या उजेडावर."

तो मागं सरकला. मीटर पुन्हा पाचशे दोनवर गेलं. त्यानं तो आकडा बघितला, एक पाऊल पुढं टाकलं — आकडा पडला. मागं घेतलं — चढला. तिसऱ्यांदा पाऊल उचललं तेव्हा प्रियदर्शनीनं त्याच्याकडं असं काही बघितलं, की ते पाऊल हवेतच राहिलं.

मग तो हसला, आणि तिला स्वतःचाच राग आला. कारण तिलाही हसू येत होतं. सात महिन्यांत ते जमलं नव्हतं.

शेजारच्या अप्पारावांच्या विहिरीवर सोलर पंप बसवायचं काम निघालं होतं, त्यासाठी तो आला होता. जालन्याच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडं फिटर होता. तिनं नाव विचारलं, तेव्हा तो जरा घुटमळला. "कारभारी," म्हणाला. आजोबांचं नाव ठेवलं होतं घरच्यांनी. प्रियदर्शनीनं मान डोलावली आणि मनातल्या मनात ठरवून टाकलं, की ह्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. हसनाबादमध्ये बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. आईच्या कानावर ते पडलं असतं तर आईनं चुलीपुढं बसून तासभर हसून घेतलं असतं. म्हणजे, पूर्वीची आई असती तर.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तो पुन्हा आला. आपलं काम ह्या बाजूलाच आहे, म्हणाला, जे खोटं होतं. अप्पारावांची विहीर पार पलीकडच्या बांधाला. त्यानं हेल्मेट उलटं करून मीटरवर धरलं. आकडे त्या सावलीत स्वच्छ दिसले. तिला ओढणीची गरज उरली नाही, आणि तिनं त्याला नको असंही म्हटलं नाही.

स्टँडवर हातभर अंतरानं दोन सोलर सेल बसवलेले होते, तळहातापेक्षाही लहान. खाली पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं: 'साधा' आणि 'फुलाचा'. अक्षर तिच्या वडिलांचं. रामरावांचं, ती त्यांना अण्णा म्हणायची. स्टँडही त्यांनीच वेल्डिंग करून आणला होता, बायकोच्या छातीइतक्या उंचीचा, कारण त्यांची स्वतःची उंचीही बायकोएवढीच होती.

फुलाचा म्हणजे काय, हे कारभारीनं विचारलं, आणि प्रियदर्शनीला सांगावं लागलं. ती संभाजीनगरला विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होती. साधा सेल गुळगुळीत असतो. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग आरशावरून जावा तसा परत जातो, आणि जो आत शिरतो त्यातलाही काही सरळ आरपार निघून जातो. उपयोग व्हायच्या आधीच. फुलाच्या पाकळीवर मात्र डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे बारीक उंचवटे असतात. पाकळीचा ठसा पारदर्शक रबरात घेतला, ती पातळ फिल्म सेलवर चिकटवली, की उजेड त्या उंचवट्यांवर वाकतो, तिरपा आत शिरतो, आतल्या आत लांबचा रस्ता कापतो. वरून निसटायला बघितलं, तर पुन्हा आत ढकलला जातो. तेवढ्याच सेलमधून जास्त वीज. अण्णांनी तिला वर्तमानपत्रात गुंडाळून किती पानंफुलं पाठवली होती — रुई, एरंड, कमळ, तेरडा. शेवटी जमला तो दारातला गावठी गुलाब.

कारभारीनं वाकून फुलाचा सेल बघितला.

"म्हणजे बाजाराच्या दिवशी गल्लीत शिरलेली फटफटी," तो म्हणाला. "मोकळा रस्ता असता तर सुसाट निघून गेली असती. आता हातगाड्या, म्हशी, बाया... फिरून राह्यली आतल्या आत. आणि फिरता फिरता दोन जागी थांबून भजे खाती, बांगड्या घेती. बाजाराला फायदा."

प्रियदर्शनीनं हे तिच्या सरांना चार वर्षांत इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "बराबर."

"पण हा दिसतो मात्र मळकट," तो म्हणाला. "साधा कसा चकाकतो."

"चकाकतो म्हणजे उजेड परत देतो. आपल्याला परत दिलेला नको, ठेवलेला पाहिजे. चांगला सेल दिसायला उदासच असतो."

त्यानं मान वर केली. सेलकडं नव्हे, तिच्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. तिनं वहीत आकडा लिहिला. मग खोडून पुन्हा लिहिला, कारण तो चुकला होता.

असे तीन आठवडे गेले. प्रियदर्शनी पितृपक्षासाठी म्हणून गावी आलेली, ती राहूनच गेली. रोज बारा वाजता हेल्मेटची सावली पडायची. कधी त्याच्या खिशातून दोन सीताफळं निघायची, कधी तिच्या डब्यातला तिळाचा ठेचा त्याच्या भाकरीवर जायचा. पाचशे मिलीअँपिअरनं शॉक बसतो का, असं त्यानं एकदा विचारलं. दाब अर्धाच व्होल्ट, त्यामुळं काही जाणवत नाही, असं ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला, मग मला परवापासून जे जाणवून राह्यलं ते कशानं? ती म्हणाली, ठेच्यानं.

पण आकडे मात्र तिला छळत होते. हे तिनं त्याला सांगितलं ते पावसात.

परतीचा पाऊस होता. दुपारी चारला अंबडच्या अंगानं काळं झालं आणि सरी कपाशीवर कोसळल्या. दोघं पळत पंपाच्या खोलीत शिरले. पत्र्यावर एवढा आवाज, की बोलायचं तर जवळ यावं लागत होतं, आणि जवळ यावं तर काय बोलायचं ते सुचत नव्हतं. मधे स्टार्टरची पेटी. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. त्यानं आपला रुमाल पुढं केला, मग त्याला ग्रीस लागलेलं बघून मागं घेतला... तरी तिनं तो घेतला.

मग तिनं पिशवीतून अण्णांची वही काढली.

मार्गशीर्षापासून अण्णा रोज बारा वाजता दोन्ही सेलचे आकडे लिहीत आणि रात्री फोनवर तिला सांगत. साधा पाचशे, फुलाचा पाचशे अडतीस. साधा चारशे नव्वद, फुलाचा पाचशे अठ्ठावीस. शंभराला सात-आठ जास्त. प्रयोगशाळेत आलं होतं बरोबर तेवढंच. फाल्गुनात एका सकाळी अण्णा गोठ्यातच कोसळले. तेराव्यानंतर आठवड्यानं प्रियदर्शनीनं स्वतः मीटर लावलं, तेव्हा फुलाच्या सेलची ती सात-आठची वाढ निम्म्यावर आलेली होती. महिन्याभरात तो साध्याच्याही खाली गेला. आज साधा पाचशे दोन, फुलाचा चारशे अठ्ठ्याण्णव.

फिल्म उन्हानं खराब होते. पण आठवड्यात नाही. सर म्हणाले होते, वडिलांचे आकडे तपासता येत नाहीत, पुन्हा तसे आले नाहीत तर ते प्रकरण प्रबंधातून काढून टाक, दिवाळीपर्यंत ठरव. प्रकरण गेलं तर गेलं. तिला रडवणारी गोष्ट दुसरीच होती.

"अण्णांना माहीत होतं किती यायला पाहिजे," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं. त्यांना वाटलं असेल, पोरगी तिकडं एकटी, तिला बरं वाटावं..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची हिंमत तिला सात महिन्यांत झाली नव्हती. अण्णा गेले हे एक दुःख होतं. अण्णा प्रेमापोटी खोटं लिहीत होते हे त्याच्याहून वेगळं, आणि ते कुणापुढं रडता येत नव्हतं.

कारभारीनं वही हातात घेतली, पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात पानं उलटली. मधेमधे जागा कोऱ्या होत्या. 'आज ढग. लिहिलं न्हाई.' 'आज लग्नाला गेल्तो. लिहिलं न्हाई.'

"खोटं लिहिणारा माणूस कोरी जागा सोडत न्हाई," तो म्हणाला.

तिला ते पटावंसं वाटलं. फार वाटलं. पण पटावंसं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला चार वर्षं शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन धुतल्यासारखं पडलं. बारा वाजता तो आला, पण हेल्मेट काखेतच. चेहरा असा, जसा काही शाळेत मास्तरपुढं उभा केलाय.

"सेल मी घासले," तो म्हणाला. "राखेनं. मळकट दिसून राह्यलं म्हणून. रोज सकाळी. माफ करा."

राख आणि काथ्या... रबराच्या फिल्मवर. ते बारीक उंचवटे आठवड्यात सपाट होणार, महिन्यात राखेनं बुजणार. तिनं फुलाचा सेल तिरपा करून बघितला. त्याला चकाकी होती. ती उन्हाची म्हणून तिनं सोडून दिली होती.

आणि मग तिला रागाच्या जागी भलतंच काहीतरी आलं. ती स्टँडच्या सावलीत खालीच बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून हसली, का रडली, तिचं तिलाही कळलं नाही. घासले होते. नुसते घासले होते! अण्णांनी खरंच लिहिलं होतं.

कारभारी घाबरून बाटली शोधायला लागला. तोवर तिचं डोकं पुन्हा चालू झालं होतं.

"तुम्ही गावात कधी आलात?"

"गणपती उठल्यावर."

"आकडा चैत्रापासून पडलाय."

त्यानं हेल्मेट ह्या काखेतून त्या काखेत घेतलं.

"कुणाला वाचवताय?"

"मला ते विचारू नका," कारभारी म्हणाला. "मी शब्द देऊन बसलो."

त्यानं सांगायची गरजही नव्हती. ह्या रानात रोज सकाळी राखेचे हात असलेली एकच बाई होती.

जयवंताबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. लेक समोर येऊन उभी राहिली, आणि त्यांच्या हातातली शेंग खाली पडली. मग सगळं निघालं. मालक असताना त्यांनी त्या सेलला कुणाला हात लावू दिला नव्हता; कावळा बसला तरी पळत जायचे. ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जयवंताबाई विहिरीवर गेल्या, तर हे दोन्ही धुळीनं माखलेले. साधा दोन हातांत लखलखीत झाला. फुलाचा मात्र कितीही घासला तरी मळकटच. आणि तोच तर त्यांचा जीव होता.

"म्हणून त्याच्यावरच जास्त जोर लावला म्या," त्या म्हणाल्या. "आता कुठं चमकायला लागल्ता. काल पावसानं चिखल उडला म्हणून पहाटं गेल्ते, तर हे लेकरू अप्पारावाकडं पंपाच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला आलेलं. म्हनलं, काकू, काय करून राह्यल्या? सांगितलं, तर डोक्याला हात लावून बसलं. म्याच शपथ घातली त्याला. म्हनलं, पोरीचा बाप गेला, आता तिचा अभ्यास बी मायनंच बुडवला म्हनल्यावर..."

त्या खाली पडलेली शेंग चाचपू लागल्या.

प्रियदर्शनी ओट्यावर बसली आणि आईचे हात हातात घेतले. बोटांच्या पेरांत राख मुरलेली होती, सात महिन्यांची. तिनं आईला सांगितलं की काही बुडालं नाही. ठसा संभाजीनगरला कपाटात सुखरूप आहे, अशा दहा फिल्मा पुन्हा निघतील. आणि अण्णांवर आपण काय संशय घेतला होता, तेही सांगून टाकलं.

जयवंताबाईंनी लेकीकडं अविश्वासानं बघितलं. "त्यो माणूस? खोटं?" त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत माझ्या कालवणाला एकदा चांगलं म्हनला न्हाई त्यो. आळणी असलं तर आळणीच म्हनायचा."

आणि दोघी हसल्या. खूप दिवसांनी, डोळे पुसत पुसत हसल्या.

तिसऱ्या दिवशी प्रियदर्शनी संभाजीनगरहून नवी फिल्म घेऊन आली. बारा वाजता तिघं स्टँडपाशी उभी होती. जयवंताबाईंनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते, चुकून लागायला नकोत म्हणून. कारभारीनं हेल्मेट धरलं.

साधा. चारशे सत्त्याण्णव.

प्रियदर्शनीनं वायर काढली. ती दुसऱ्या सेलला लावताना चिमटा दोनदा निसटला. आकडा चढत गेला. पाचशे दहा... पाचशे सव्वीस... पाचशे चौतीस... आणि पाचशे छत्तीसला थांबला. कितीतरी वेळ तिथंच थांबला.

तिनं अण्णांची वही उघडली. फाल्गुनातली शेवटची नोंद होती: साधा पाचशे दोन, फुलाचा पाचशे एकेचाळीस. भागाकार तिनं मनातच केला. मग खात्रीसाठी फोनवर केला. शंभराला आठाच्या जरा आत. तेव्हाही, आताही.

"आलं का?" जयवंताबाईंनी विचारलं.

"आलं, आई. अण्णांचंच आलं."

जयवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग कारभारीकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, चुलीवर डाळ ठेवलीय म्हणाल्या, आणि निघून गेल्या. डाळ त्यांनी सकाळीच उतरवलेली होती.

आता दोघंच उरले. कपाशीत कुठंतरी व्हले घुमत होते. कारभारीनं हेल्मेट खाली घेतलं आणि त्याच्या पट्ट्याशी चाळा करत सांगितलं, की अप्पारावांचा पंप काल चालू झाला. इथलं काम संपलं. उद्यापासून अंतरवाली सराटीकडं जायचं, तिकडं वीस पंप आहेत, दोन महिने तरी जातील.

प्रियदर्शनी वहीत आजचे आकडे लिहीत होती. अण्णांच्या शेवटच्या ओळीच्या खालीच. लिहून झालं तरी तिनं पेन उचलला नाही.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," ती म्हणाली.

"हो."

"आणि इतकं वाईट बोललात, की दहा मिनिटंही टिकलं नाही."

"सवय न्हाई," तो खाली बघत म्हणाला.

"तेच म्हणतेय." तिनं वही मिटली. "सात महिने मी एका खऱ्या माणसावर संशय घेऊन जगले. पुन्हा असं जगायला मला जमायचं नाही. मला असाच माणूस पाहिजे, ज्याचं खोटं दहा मिनिटांत उघडं पडतं."

कारभारीनं मान वर केली. समजलं होतं त्याला, पण समजलेलं खरं आहे का, हे कळत नव्हतं.

"पाहिजे म्हणजे..." तो म्हणाला, "कामाला?"

"कामाला नाही."

त्याचे कान लाल झाले. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग एकदम तक्रारीच्या सुरात म्हणाला, "तीन आठवडे झाले, मी हेच बोलायचं जुळवून राह्यलो. गाडीवर येता येता पाठ करायचो. आन् तुम्ही दोन वाक्यांत उरकून टाकलं."

"तुमचं लांब होतं का?"

"लई लांब होतं."

"मग सांगा की," प्रियदर्शनी म्हणाली, आणि विहिरीच्या कठड्यावर नीट, पाय दुमडून बसली. तिच्या अंगातून सात महिन्यांचा थकवा उतरत होता, हळूहळू, ताप उतरावा तसा. "मला घाई नाही."

तो तिच्याशेजारी बसला, मधे वीतभर जागा ठेवून. घसा साफ केला, सुरुवात केली... आणि पहिल्याच वाक्यात अडला. ती हसली नाही. तिनं फक्त ती वीतभर जागा भरून काढली, आणि मग त्याचं पुढचं वाक्य आपोआप निघालं.